लाकडी नंदी आणि दीड मिलिमीटर

पोळा आठ दिवसांवर येऊन ठेपला की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाढई मंडळींना, म्हणजे पुण्या-मुंबईकडे ज्यांना सुतार म्हणतात त्यांना, घास गिळावयासही फुरसत मिळत नाही. कारण मोठ्या पोळ्याला खऱ्या बैलांचा मान झाला की दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा, आणि त्या दिवशी गावोगावची मुले आपापला लाकडी नंदी, त्याच्या शिंगांना बेगड आणि गळ्यात घुंगरू बांधून, चाकांवर ओढीत मिरवावयास निघतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत ही चाल पडली असे परंपरा सांगते. हा नंदी पूर्वी वाकस आणि पटाशी यांच्या जोरावर सबंध ठोकळ्यातून बाहेर काढीत असत. परंतु चंद्रपुरात मूल रस्त्यावरील ज्या लहानशा कारखान्यात मी गेल्या पावसाळ्यात एक अख्खी दुपार घालविली, तेथे तो दोन अर्धांगांनी जन्मास येतो. डावे अंग एका फळीत आणि उजवे अंग दुसऱ्या फळीत सीएनसी राउटर नावाचे यंत्र संगणकाच्या हुकमाबरहुकूम कोरून काढते, आणि मग दोन्ही अंगांच्या सपाट पाठी फेव्हिकॉलने जोडून वर शिंगे व खाली चाके बसविली की नंदी मिरवणुकीस मोकळा.

मी गेलो त्या दिवशी हा जोड काही केल्या जमत नव्हता. शेपटीकडे दोन्ही अंगे अशी बिनचूक मिळत की नखालाही सांध लागू नये. वशिंडाच्या पुढे मात्र उजवे अंग हळूहळू रोड होत गेलेले, आणि मुखापाशी येईतो एका गालाला गोलाई व दुसऱ्या गालाला उतार, व दोहोंच्या मध्ये सांध्यावर सरळ एक पायरी. व्हर्नियर लावून पाहिले तर पायरी दीड मिलिमीटरची निघाली. दीड मिलिमीटर म्हणजे काही फार नव्हे, असे चौकट ठोकणारा माणूस म्हणेल. पण नाकपुडीची कड जेथे अवघी तीन मिलिमीटर जाड राहावयाची, तेथे दीड मिलिमीटर गेले म्हणजे निम्मे नाक गेले.

यंत्राचा कारभार पाहणाऱ्या मुलाने कपाळाला हात लावला. ‘प्रोग्रामातच गडबड दिसते जी काकाजी,’ तो मला म्हणाला, आणि संगणकावरील आकडे बदलावयास निघाला. कोपऱ्यात चाकांची भोके पाडीत बसलेले त्याचे वडील मान वर न करता म्हणाले, ‘सकाळी चांगला होता तो प्रोग्राम, अन् दुपारी बिघडला? मधात काय बदललं ते सांग आधी.’

मुलगा क्षणभर थांबला. ‘काही नाही बाबा. जुनं बिट तुटलं, नवं लावलं, तेवढंच.’

या ‘तेवढंच’ची उकल पुढे येईलच, पण त्यापूर्वी हे यंत्र खोली म्हणजे काय समजते हे वाचकांस सांगणे अवश्य आहे. वस्तुतः ते काहीच समजत नाही, आणि त्याच्या बहुतेक सर्व व्याधींचे मूळ या अज्ञानात आहे. आकड्यांच्या आज्ञेने धातू कापणारे यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने १९५२ साली जगापुढे चालवून दाखविले. तेव्हा आज्ञा भोके पाडलेल्या पट्टीवर असत, आज त्या पेनड्राइव्हमधून येतात, एवढाच बाह्य भेद. डावी-उजवीकडे एक्स, पुढे-मागे वाय आणि वर-खाली झेड अशा तीन दिशांनी फिरणारे स्पिंडल, त्याच्या तोंडात आवळलेले बिट, आणि खाली बेडवर शिकंजांनी जखडलेली फळी, असा हा संसार असतो. काम सुरू करण्यापूर्वी कारागीर बिटाचे टोक फळीच्या पृष्ठाला अलगद टेकवितो, मध्ये कागदाचा एक तुकडा सरकवून तो जेमतेम अडखळेपर्यंत खाली आणतो, आणि तेथे कळ दाबून यंत्राला सांगतो की हे तुझे शून्य. त्यानंतर यंत्राला ठाऊक असते ते केवळ या शून्यापासून मोटरने किती फेरे घेतले ते. टोकाखाली लाकूड आहे की हवा, लाकूड वर आले आहे की खाली बसले आहे, खुद्द बिट जागेवर आहे की घसरले आहे, याची त्याला गंधवार्ता नसते. पटाशी धरणाऱ्या हाताला लाकडाचा विरोध क्षणोक्षणी कळत असतो. येथे तो विरोध कळविणारा कोणीही दूत नाही. स्वस्त यंत्रांतील स्टेपर मोटर तर आपण सांगितलेले पाऊल खरोखर टाकले की नाही याचीही हजेरी कोणास देत नाही.

तेव्हा खोली चुकली असता प्रथम आकड्यांत हात घालणे म्हणजे साक्षीदार न तपासता निकाल लिहिण्यासारखे आहे. चूक आपला स्वभाव लाकडावर लिहून ठेवते, आणि तो वाचता आला की अर्धी चौकशी तेथेच आटोपते. सर्वत्र सारखी चूक असेल, म्हणजे पाच मिलिमीटरच्या जागी सगळीकडे साडेपाच भरत असेल, तर शून्य लावतानाच गफलत झाली: शून्य टेकविण्याच्या धातूच्या चकतीची जाडी नोंदीत वेगळी पडली. चूक खोलीच्या प्रमाणात वाढत असेल, उथळ जागी थोडी आणि खोल जागी जास्त, तर मोटरचे फेरे आणि प्रत्यक्ष अंतर यांचा हिशेब चुकला आहे. चूक फळीच्या विशिष्ट जागेशी बांधलेली असेल, तर फळी किंवा बेड सपाट नाही. आणि चूक वेळेबरोबर वाढत जात असेल, आरंभी नाही व शेवटी पुष्कळ, तर काहीतरी सरकते आहे.

आमच्या नंदीचे प्रकरण कोणत्या सदरात बसते हे ठरविण्यास फार वेळ लागला नाही, कारण पुरावा नंदीपेक्षाही त्याच्या खालच्या पाटावर स्पष्ट होता. बेडवर एमडीएफचा एक पाट अंथरलेला असतो, आणि नंदीच्या बाह्यरेषेवर बिट त्या पाटाला जेमतेम स्पर्श करून परत फिरते. शेवटच्या सफाईची फेरी शेपटीकडून मुखाकडे, एकेका बारीक ओळीने सरकत, जवळजवळ अडीच तास चालली होती. आणि पाटावरचा चरा शेपटीपाशी नखाच्या ओरखड्यासारखा, पोटापाशी दोऱ्यासारखा, आणि मुखापाशी बोटाला स्पष्ट लागणारी घळ होऊन बसला होता. अडीच तासांची ती रोजनिशीच होती म्हणाना.

काहीतरी सरकते आहे म्हणजे दोहोंपैकी एक: एक तर मोटर पावले गाळते आहे, नाहीतर बिट आपल्या पकडीतून खाली येत आहे. या दोहोंतील निवाडा करण्याची वडिलांची युक्ती इतकी साधी होती की ती मला अद्याप विसरता येत नाही. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, नवे बिट जेथे कॉलेटच्या, म्हणजे बिट धरून ठेवणाऱ्या चिमटीच्या, तोंडातून बाहेर येते नेमकी तेथे त्याच्या दांडीवर एक रेघ ओढली, आणि एका रद्दी फळकुटावर यंत्र वीस मिनिटे चालवावयास सांगितले. यंत्र थांबले तेव्हा रेघ कॉलेटच्या तोंडाशी नव्हती. ती खाली उतरली होती, आणि तिच्या वर चकचकीत पोलादाची केसाएवढी नवी पट्टी उघडी पडली होती. रेघ जागच्या जागी राहती तर संशय मोटरकडे गेला असता. रेघ हलली, मोटर निर्दोष सुटली.

कारण मग आपोआप उघड झाले. तुटलेल्या बिटाची दांडी पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची; बाजारातून आणलेल्या नव्या बिटाची ६ मिलिमीटरची; आणि कॉलेट मात्र तेच, पाव इंची. मधले अंतर पोस्टकार्डाच्या जाडीएवढे. नट आवळला की हे अंतर मिटल्यासारखे वाटते, पाना पुढे सरकत नाही, माणसाची खात्री पटते. पण कॉलेटच्या पाकळ्या दांडीला सर्वांगाने न कवटाळता केवळ कडेकडेने धरतात. त्यात नागमोडी धारेचे बिट चुरा वर फेकताना स्वतःला स्क्रूप्रमाणे लाकडात खाली ओढून घेत असते, आणि सागाचा तेलकट बारीक भुसा कॉलेटच्या चिरांत बसून पकड आणखी बुळबुळीत करतो. अशा स्थितीत बिट ओळीगणिक तसूतसूने नव्हे तर केसाकेसाने खाली आले, यात नवल नाही. ६ मिलिमीटरचे कॉलेट कपाटात, प्लास्टिकच्या डबीत, न वापरलेले पडून होते. ते बसवितानाही वडिलांनी मुलाला टोकले: कॉलेट आधी नटमध्ये तिरपे घालून ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबावे, मग नट स्पिंडलवर चढवावा, आणि त्यानंतर बिट घालून आवळावे, कॉलेट नुसते स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरविला तर ते सरळ बसत नाही.

पावले गळण्याचा जो दुसरा संशय आम्ही सोडून दिला, तोही इतर ठिकाणी खरा ठरतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. स्पिंडल जड, मोटर लहान, आणि वर उचलण्याचा वेग हावरेपणाने वाढविलेला असला, म्हणजे मोटर हुकूम ऐकते पण भार पेलवत नाही, आणि एखादे पाऊल जागीच आपटते. हे पाऊल वर जाताना गळले तर पुढचे सारे काम तेवढे खोल जाते, खाली येताना गळले तर उथळ राहते. म्हणजे चुकीची दिशाही साक्ष देते. मोटर व स्क्रू यांना जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक स्क्रू सैल झाला तरी लक्षणे हुबेहूब हीच. पावसाळ्यात वीज एकदा डोळा मिचकावून गेली तर जड स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली बसते, आणि यंत्र पुन्हा जागे होते ते स्वतःच्या ठावठिकाण्याविषयी निश्चिंत पण चुकीची समजूत घेऊन. अशा वेळी काम तेथूनच पुढे चालू करणे हा आळस फार महागात पडतो; शून्य नव्याने लावावे.

प्रमाणाच्या चुकीचा हिशेब तर शाळकरी मुलालाही जमावा. मोटरचा एक फेरा २०० पावलांचा, प्रत्येक पावलाचे मोटरच्या ड्रायव्हर-सर्किटाने ८ भाग पाडले तर एका फेऱ्याला १,६०० ठोके. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकत असेल तर मिलिमीटरला ३२० ठोके झाले. कोणी नोंदीत ३१० लिहून ठेवले की १० मिलिमीटरच्या हुकमावर ९.६९ मिलिमीटर भरणार. सांगितलेले अंतर भागिले भरलेले अंतर, आणि त्या भागाकाराने जुना आकडा गुणावयाचा, की झाले. इंच आणि मिलिमीटर यांची अदलाबदल ही मात्र चूक म्हणण्याच्या पलीकडची गोष्ट आहे; २५.४ पट घोटाळा पहिल्या मिनिटालाच दिसतो, आणि सहसा ऐकूही येतो.

कॉलेट बदलले, उजवे अंग पुन्हा कोरावयास लावले, आणि चहा येईपर्यंत सारे निर्वेध चालले आहे असे वाटत असता वडिलांनी शेजारच्या नावाच्या पाटीकडे बोट दाखविले. ती कालची. एका घराच्या दारावर लावावयाची सागाची पाटी, व्ही-बिटाने अक्षरे कोरलेली. अक्षरांत मला काही वावगे दिसेना. ‘अक्षरं नका पाहू भाऊ, वरची रेघ पाहा,’ ते म्हणाले.

शिरोरेखा! मी वाकून पाहिले. पाटीच्या दोन्ही टोकांस ती ठसठशीत होती आणि मध्यावर बारीक झाली होती, जणू दौतीतली शाई मध्येच सरली. व्ही-बिटाचे टोक त्रिकोणी असल्याने त्याने कोरलेल्या रेघेची रुंदी सर्वस्वी खोलीवर अवलंबून असते: टोकाचा कोन ९० अंशांचा असेल तर रुंदी खोलीच्या नेमकी दुप्पट, म्हणजे २ मिलिमीटर खोल गेले की ४ मिलिमीटर रुंद रेघ, ६० अंशांचा असेल तर त्याच खोलीला सुमारे २.३ मिलिमीटर. पाटी मध्यभागी अर्धा मिलिमीटर खाली बसली असेल तर ९० अंशांच्या बिटाची रेघ तेथे चाराऐवजी तीनच मिलिमीटरची उमटणार, आणि डोळा हा फरक हातभरावरून टिपतो. रोमन अक्षरे सुटी सुटी असतात, त्यांत ही लबाडी कशीबशी लपते. देवनागरीत पाटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी एकच सरळ रेघ आपण शेकडो वर्षे ओढीत आलो आहोत, आणि ती फळीच्या सपाटपणाची इतकी निष्ठुर परीक्षा घेत असेल हे माझ्या तरी ध्यानात कधी आले नव्हते.

दोष येथे यंत्राचा नव्हता, फळीचाही म्हणवत नाही, ऋतूचा होता. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो आणि लाकूड भाकरीसारखे खरपूस वाळते; जुलै-ऑगस्टात तेच लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगते. शिवाय लाकूड सर्व दिशांना सारखे फुगत नाही: वाढीच्या वलयांच्या रोखाने जेवढे फुगते त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याकडून सालीकडच्या रोखाने. त्यामुळे ओंडक्याच्या बाजूने सपाट चिरलेली फळी पन्हळीसारखी वळते. साग हा त्यातल्या त्यात मोठा शांत स्वभावाचा. त्याच्या या स्थैर्यासाठी आणि अंगच्या तेलासाठीच तर बल्लारपूरच्या आगारातील लिलावाला दूरदूरचे व्यापारी येतात, आणि अयोध्येतील राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ च्या मार्चअखेरीस याच बल्लारपुरातून सागवान रवाना झाले. आलापल्लीच्या जंगलात जुन्या सागांची जी सहा हेक्टर राई ‘वनवैभव’ या नावाने राखली गेली, आणि जिला २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तेथील बुंध्यांपाशी उभे राहिले म्हणजे या वृक्षाच्या थोरवीविषयी शंका राहत नाही. परंतु थोर झाला तरी तो लाकूडच. पाऊस त्यालाही लागतो. अंतःकाष्ठ स्थिर आणि बाहेरचे फिकट रसकाष्ठ चंचल, अशी एकाच फळीत दोन प्रकृतींची माणसे नांदत असली म्हणजे बाक अधिकच येतो. याच्या जोडीला सागाच्या पेशींत सिलिका असते, म्हणजे वाळूचेच सूक्ष्म कण. ती बिटाची धार लवकर मारते, आणि व्ही-बिटाचे टोक झिजून बोथट झाले की शून्य बरोबर लावूनही रेघा अपेक्षेपेक्षा निराळ्या उमटतात.

यावर इलाज काय, तर फळी आधी कारखान्याच्या हवेत काही दिवस मुरू द्यावी, रंध्याने किंवा यंत्रानेच तिचे तोंड एक हात घासून सपाट करावे, आणि बेडवरचा पाटही अधूनमधून त्याच यंत्राने तासून घ्यावा, म्हणजे तो यंत्राच्या चालीशी समांतर राहतो. फळी केवळ चार कोपऱ्यांवर शिकंजांनी आवळली तर तिचा मध्य अधांतरी राहतो. बिट दाबते तेव्हा ती खाली लवते आणि सुटली की वर येते.

तथापि या दुपारी मला सर्वांत उद्बोधक वाटला तो प्रश्न निराळाच होता. शून्य कोठे धरावयाचे? मुलगा सवयीने प्रत्येक कामाचे शून्य फळीच्या वरच्या तोंडावर धरी. पाटीला ते योग्यच, कारण पाटीत अक्षरांचे नाते वरच्या तोंडाशी असते. फळी खाली २० मिलिमीटर जाड आहे की २१, याच्याशी शिरोरेखेला कर्तव्य नाही. नंदीचे तसे नाही. त्याची दोन अंगे पाठीला पाठ लावून जुळावयाची, तेव्हा नाकाची उंची मोजावयाची ती पाठीपासून, म्हणजे फळी ज्यावर टेकली आहे त्या पाटापासून. एक फळी ४० मिलिमीटरची आणि दुसरी ४०.६ ची असली, आणि दोन्हींचे शून्य वरून धरले, तर कॉलेट कितीही घट्ट असो, नाकाला ०.६ मिलिमीटरची पायरी पडणारच. शून्य पाटावर धरले तर तोच फरक वरच्या वर भुशात उडून जातो. आणखी एक सोय अशी की ढोबळ कोरणीचे जाड बिट काढून सफाईचे बारीक बिट लावताना शून्य पुन्हा टेकवावे लागते, आणि तोवर फळीचे वरचे तोंड कोरले जाऊन नाहीसे झालेले असते. पाट मात्र आपल्या जागी असतो. त्या वेळी कोरलेल्या खळग्यालाच वरचे तोंड समजून शून्य लावणारे कारागीर मी नंतर दोन ठिकाणी पाहिले, आणि दोघेही संगणकालाच दोष देत होते.

वडिलांना संगणक उघडता येत नाही, हे मुलाने मला दोनदा सांगितले. दोनदा का, हे मला कळले नाही. त्यांच्या आग्रहावरून मात्र त्याने एक नमुना कोरून भिंतीवर खिळ्याला टांगला आहे: सागाच्या वीतभर तुकड्यावर एक, दोन, तीन अशी दहा मिलिमीटरपर्यंत उतरत गेलेली दहा पायऱ्यांची उतरंड. दर सोमवारी यंत्र तीच उतरंड एका टाकाऊ तुकड्यावर पुन्हा कोरते, आणि तो तुकडा भिंतीवरच्या नमुन्यापाशी धरून पाहिला जातो. पायऱ्या सगळ्याच सारख्या उणावल्या तर शून्य, उत्तरोत्तर उणावल्या तर ठोक्यांचा हिशेब. चार मिनिटांचे काम.

संध्याकाळी नवे उजवे अंग तयार झाले आणि जुन्या डाव्या अंगाशी बिनतक्रार जुळले. पडले ते रोड गालाचे उजवे अंग. ते फेकावयास वडिलांनी नकार दिला. मुलाने सकाळचे एक डाग पडलेले डावे अंग हुडकून दिले, म्हाताऱ्याने दोन्ही जोडून पायरी पटाशीने उतरविली, उरलेल्या फटीत फेव्हिकॉल आणि भुसा कालवून भरला, आणि वर पितळेच्या पातळ पत्र्याची वेसण चढविली. हा नंदी विकावयाचा नव्हता, नातवाचा होता. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतल्या वीस-पंचवीस नंदींच्या रांगेत तो पोरगा त्याला दोरीने ओढीत चालला होता तेव्हा मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिले. वेसण इतरांच्या नंदींपेक्षा जराशी रुंद होती.